व्यायामानंतरची अंगदुखी: कारणे आणि उतारा

व्यायाम चालू असताना होणारी दमणूक आणि दुसऱ्या दिवशी उठताना जाणवणारी ठणक ही दोन वेगळी दुखणी आहेत. दमणूक श्वास खाली बसला की ओसरते. दुसरे दुखणे मात्र उशिरा येते. व्यायाम संपल्यावर आठ-दहा तास फारसे काही जाणवत नाही. मग स्नायू हळूहळू ताठरतो, दाबला की दुखतो, किंचित सुजतो आणि त्याचा जोर कमी पडतो. २४ ते ७२ तासांच्या दरम्यान हे सारे शिगेला पोचते आणि पाच ते सात दिवसांत आपोआप मावळते. माणूस निवांत बसला असेल तर फारसा त्रास नसतो. उठायला, वाकायला, जिना उतरायला गेले की मांड्या भरून आल्याचे, अंग आंबल्याचे कळते. वैद्यकात याला विलंबित स्नायुवेदना म्हणतात. हा रोग नाही. सवयीबाहेरच्या श्रमाला निरोगी स्नायूने दिलेला तो प्रतिसाद आहे.

मुंबईत हे दुखणे शेकडो माणसांना एकाच वेळी होते ते दहीहंडीच्या गोविंदा पथकांच्या सरावात. भायखळा, माझगाव, रे रोड आणि काळाचौकी यांच्या मधोमध वसलेले घोडपदेव ही गिरणी आणि गोदी कामगारांची जुनी वस्ती. शेजारच्या ताडवाडीचे पथक नऊ थरांसाठी मुंबईभर नावाजलेले. या सगळ्या पट्ट्यात, पुढे लालबाग-परळपर्यंत, गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सरावाला आरंभ करण्याची रीत आहे. कामावरून सुटलेली मुले रात्री चाळीच्या पटांगणात किंवा मैदानात जमतात आणि गोपाळकाल्यापर्यंतचे पाच-सहा आठवडे थर लावतात. पहिल्या आठवड्यात खालच्या थरातल्यांचे खांदे, मान आणि मांड्या धरतात. चढणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि मनगटाजवळचे स्नायू दुखतात. तिसऱ्या आठवड्यात भार वाढलेला असतो, थर वाढलेले असतात, पण दुखणे मात्र बरेच कमी झालेले असते. दुखणे कमी करण्याचा खात्रीचा मार्ग याच निरीक्षणात आहे. तो समजण्यासाठी आधी दुखण्याचे मूळ पाहावे लागते.

हालचाल करताना स्नायू दोन तऱ्हांनी जोर लावतो. पहिल्या तऱ्हेत तो आखडत जातो आणि वजन उचलतो. दुसरीत वजन त्याला ताणत असते आणि तो त्या ताणाला विरोध करत सावकाश लांब होत जातो. जिना चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो. उतरताना तोच स्नायू शरीराचा भार पेलत लांबतो, म्हणजे गतिरोधकाचे काम करतो. बैठक मारताना खाली जाणे, जोर काढताना छाती जमिनीकडे नेणे, कबड्डीत धावता धावता एका पायावर थांबून वळणे, ही सारी या दुसऱ्या प्रकारची कामे आहेत. दहीहंडीत थर चढवण्यापेक्षा थर उतरवताना ती अधिक होतात. वरचे गोविंदे खाली येत असताना खालचे गुडघ्यात किंचित वाकून भार तोलत राहतात, तो सगळा ताण मांड्यांवर येतो.

विलंबित वेदना बहुतांशी या ताणत्या कामाने होते. कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर चढताना छाती फुटायची वेळ येते, उतरताना श्वास सहज चालतो आणि माणसाला वाटते की कष्ट संपले. प्रत्यक्षात सोमवारी स्टेशनचा पूल उतरताना कठड्याला धरायला लावते ती रविवारची उतरण. २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि एरवी जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाचा धावपटूंना धाक असतो. तिथून गिरगाव चौपाटीकडे उतरतानाची प्रत्येक टाच मांडीच्या स्नायूला हिसका देते, याकडे मात्र नवख्यांचे लक्ष नसते. पुढचे दोन दिवस त्याचा हिशेब चुकवण्यात जातात.

ताणत्या कामात एवढा त्रास का, याचे कारण स्नायूच्या रचनेत आहे. स्नायूचा तंतू हजारो सूक्ष्म खंडांची साखळी असतो आणि प्रत्येक खंड प्रथिनांच्या एकमेकांत सरकणाऱ्या धाग्यांनी बनलेला असतो. तेवढेच वजन उचलताना जितके तंतू कामाला लागतात, त्यापेक्षा कमी तंतू ते वजन सावकाश खाली ठेवताना लागतात. शरीर अशा वेळी ऊर्जा वाचवते, म्हणूनच उतरण श्वासाला हलकी वाटते. पण थोड्या तंतूंवर जास्त ताण येतो. त्यात काही खंड इतरांपेक्षा कमजोर असतात. ते मर्यादेबाहेर ताणले जातात आणि त्यांची मांडणी विस्कटते.

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच ही शंका घेतली होती. बोटाने वजन ओढायला लावणाऱ्या यंत्रावर प्रयोग करून त्यांनी दमलेल्या स्नायूची तात्काळ कळ आणि दुसऱ्या दिवशीची ठणक ही वेगळी मानली आणि दुसरीचे कारण स्नायूतील सूक्ष्म फाटणे असावे, असे मांडले. त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळायला ऐंशीच्या आसपास वर्षे गेली. १९८१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी वारंवार जिने उतरलेल्या लोकांच्या पोटरीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. खंडांना जोडणाऱ्या, एरवी सरळ दिसणाऱ्या पट्ट्या नागमोडी झालेल्या आणि जागोजाग तुटलेल्या दिसल्या.

फाटणे मात्र व्यायामाच्या वेळीच होते आणि दुखणे दुसऱ्या दिवशी येते. मधल्या तासांत दुरुस्तीची तयारी चाललेली असते. इजा झालेल्या तंतूंकडे संरक्षक पेशी धाव घेतात, पाणी साठून थोडी सूज येते, आणि काही रसायने स्नायूतील मज्जातंतूंची टोके हळवी करतात. जपानमध्ये उंदरांवर झालेल्या अभ्यासांत, व्यायामानंतर काही तासांनी चेतावृद्धी घटक नावाचे प्रथिन स्नायूत वाढते आणि दोनेक दिवस टिकते, असे दिसले. टोके अशी हळवी झाली की एरवी न दुखणारा साधा दाब किंवा ताणही दुखतो. स्नायूभोवतीचे पातळ आवरण या बाबतीत स्नायूपेक्षाही नाजूक असल्याचे दिसते. म्हणून स्नायू स्थिर असताना शांत असतो आणि हलवला की बोलतो.

इथे एका जुन्या समजुतीची विल्हेवाट लावणे भाग आहे, कारण तिच्यापायी चुकीचे उपाय होतात. व्यायामाने स्नायूत दुग्धाम्ल, म्हणजे लॅक्टिक अॅसिड, साठते आणि ते दुसऱ्या दिवशी दुखवते, असे व्यायामशाळांत आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात जोरदार व्यायामाने वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर हे प्रकरण निकालातच काढले. त्यात सहभागींना सपाट आणि उतरत्या ट्रेडमिलवर ४५ मिनिटे पळवले. सपाट पळताना लॅक्टेट वाढले पण स्नायू दुखले नाहीत. उतारावर पळताना लॅक्टेट वाढलेच नाही, तरी दोन दिवस पाय ठणकत राहिले. त्यामुळे ‘अॅसिड बाहेर काढणारी’ मालिश, पेय किंवा पावडर असे ज्याचे वर्णन होते, त्याचा निदान हा दावा तरी खोटा असतो.

आणखी एक समजूत तितकीच नडते. अंग दुखले तरच व्यायाम लागू पडला, असे पुष्कळ तरुण मानतात आणि दुखले नाही तर वजन वाढवत राहतात. दुखण्याची तीव्रता आणि स्नायूला झालेला फायदा यांचा असा सरळ संबंध नाही. नियमित व्यायाम करणाऱ्याचा स्नायू जवळजवळ न दुखताही वाढतो, आणि महिनोन्महिने बसून राहिलेल्याने एक दिवस शंभर बैठका मारल्या तर तो आठवडाभर लंगडतो, पण त्याच्या ताकदीत त्या एका दिवसाने काही भर पडत नाही.

आता गोविंदाच्या तिसऱ्या आठवड्याकडे परतता येईल. एकदा ताणते काम झाले आणि स्नायू सावरला, की तेच काम पुन्हा केल्यावर इजा, सूज, जोर घटणे आणि वेदना हे सगळे लक्षणीय कमी होते. व्यायामशास्त्रात याला पुनरावृत्तीचा परिणाम म्हणतात. पहिल्या वेळी फार दुखावे लागते असेही नाही. अगदी हलक्या भाराची, मोजकी आवर्तनेसुद्धा पुढच्या जड कामासाठी स्नायूला तयार करतात आणि हे कवच काही आठवडे, काही प्रयोगांत तर काही महिने टिकलेले दिसले आहे. कारणे एकाहून अधिक आहेत. मेंदू आणि मज्जारज्जू भार अधिक तंतूंवर वाटायला शिकतात, तंतूंच्या साखळीत नवे खंड जोडले जातात, आणि तंतूंना बांधून ठेवणाऱ्या ऊती घट्ट होतात. हा लाभ ज्या स्नायूने काम केले त्यालाच मुख्यत्वे मिळतो. धावण्याने पाय तयार झालेला माणूस पहिल्यांदा मल्लखांबावर चढला तर त्याचे खांदे आणि पंजे दुखणारच.

माथाडी कामगार दिवसभर पाठीवर गोणी वाहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर उभा राहतो, तो याच सवयीच्या बळावर. त्याच घरातला कार्यालयात बसणारा मुलगा आषाढात कोकणात भातलावणीला गेला, तर दिवसभर चिखलात वाकून राहिल्याने तिसऱ्या दिवशी त्याला मांडीची मागची बाजू आणि कंबर सरळ करता येत नाही. यात ताकदीपेक्षा सवयीचा फरक मोठा आहे. जुन्या तालमींत नव्या पोराला वस्ताद आरंभी मोजक्याच जोर-बैठका घालायला लावत आणि आकडा दिवसागणिक वाढवत. त्या शिस्तीमागचे कारण विज्ञानाने पुढे समजावून सांगितले, पण शिस्त आधीपासून बरोबर होती.

म्हणून व्यायामानंतरची अंगदुखी टाळण्याचा खरा उपाय व्यायामाच्या आधी योजायचा असतो. नवा व्यायाम सुरू करताना पहिल्या दिवशी झेपेल त्याच्या निम्म्याहूनही कमी करावे. बैठका असतील तर दहा-पंधराच्या एका-दोन फेऱ्या, डोंगर असेल तर आधी दोन-तीन आठवडे इमारतीचे जिने उतरण्याचा सराव, धावणे असेल तर चालण्यात मधूनमधून मिनिटभराची धाव. दोन दिवसांचे अंतर ठेवून पुन्हा तेवढेच, मग थोडे अधिक. दोन ते तीन आठवड्यांत स्नायू पूर्ण भाराला तयार होतो. गोविंदाच्या पथकांत सरावाच्या शेवटच्या आठवड्यात येऊन थेट खालच्या थरात उभे राहणारी मंडळी असतात. त्यांना आवरणे ही प्रशिक्षकाची जबाबदारी आहे. दुखऱ्या स्नायूचा जोर आणि तोल काही दिवस उणाच असतो, आणि ज्याच्या खांद्यावर वरचे सगळे उभे आहेत त्याचा तोल उणा असणे परवडणारे नाही. व्यायामाआधी अंग गरम करण्याचा, म्हणजे हलकी उडी, चाल, हातपाय फिरवणे यांचा, दुखण्यावर थोडाफार उपयोग होतो. मुख्य लाभ सांध्यांची आणि हालचालीची तयारी हा.

एकदा दुखणे सुरू झाले की बाकीचे उपाय वेदना सुसह्य करतात. दुरुस्तीचा वेग त्यांनी फारसा बदलत नाही. तरीही त्यांच्यात डावे-उजवे आहे.

पहिला मान मालिशीचा. कोल्हापूरच्या तालमींत मेहनत झाल्यावर पैलवानांनी एकमेकांचे अंग रगडण्याची परंपरा जुनी आहे. हौदाच्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल आणि कापूर कालवतात, त्याच्या जोडीने ही मालिश शरीराची निगा म्हणून चालते. २०१८ मध्ये ९९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात तुलना केलेल्या उपायांपैकी विलंबित वेदना आणि थकवा कमी करण्यात मालिश सर्वांत प्रभावी ठरली. त्याआधी २०१२ मध्ये कॅनडातील संशोधकांनी मालिश केलेल्या आणि न केलेल्या मांडीच्या स्नायूंची तुलना केली. मालिश केलेल्या स्नायूत दाहाच्या खुणा कमी होत्या, लॅक्टेटमध्ये मात्र फरक नव्हता. वीस-तीस मिनिटांची, मध्यम दाबाची मालिश पुरे होते. तेल तिळाचे, खोबरेल की मोहरीचे, याने विशेष बिघडत नाही. ते हात सरकायला हवे असते. दुखऱ्या मांडीवर पायाने तुडवून घेणे किंवा ओरडेपर्यंत दाबणे टाळावे, कारण आधीच इजा झालेल्या तंतूंना त्याने नवी इजा होऊ शकते. मालिश करायला कोणी नसेल तर फोमचा रोलर, आणि तोही नसेल तर पोटरी-मांडीवर हलक्या हाताने फिरवलेले लाटणे थोडे काम भागवते.

दुसरा उपाय फुकटचा आहे आणि बहुतेक जण तोच टाळतात. दुखऱ्या अंगाने पडून राहण्यापेक्षा हलकी हालचाल करणे बरे. पंधरा-वीस मिनिटे सपाटीवर चालले, सायकल चालवली किंवा पाण्यात पोहले की रक्ताभिसरण वाढते, मज्जातंतूंच्या वेदनेच्या संदेशांना दुसऱ्या संवेदनांची आडकाठी होते आणि स्नायू मोकळा वाटतो. हा आराम तात्पुरता असतो, थांबल्यावर तासा-दोन तासांत ताठरपणा परत येतो. पण दिवसातून दोन-तीनदा असे चालणे दुखण्याचे दिवस सहज पार पाडते. त्या दिवसांत जिना चढण्याला हरकत नाही, उतरण शक्य तितकी टाळावी.

थंड पाण्याविषयी बोलायचे तर, २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ छोटे अभ्यास आणि ३६६ सहभागी होते. व्यायामानंतर गार पाण्यात बसलेल्यांचे दुखणे नुसती विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा एक ते चार दिवसांपर्यंत कमी राहिले. बहुतेक अभ्यासांत पाणी १५ अंश सेल्सियसहून थंड होते. मुंबईच्या नळाचे पाणी जानेवारीतही एवढे गार नसते, त्यामुळे बर्फ घालावाच लागतो. पोटऱ्यांसाठी बादली पुरते, मांड्यांसाठी पिंप लागते. दहा-बारा मिनिटे पुष्कळ झाली. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनी हे करू नये. एक गोष्ट मात्र व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की बारा आठवडे वजनांच्या व्यायामानंतर दर वेळी गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद तुलनेने कमी वाढली. व्यायामाने स्नायूला मिळणारा वाढीचा संदेश पुन्हा पुन्हा दाबला तर वाढही दबते. त्यामुळे लागोपाठ सामने असलेल्या कबड्डीपटूला किंवा सलग दिवस थर लावणाऱ्या गोविंदाला गार पाणी उपयोगी. शरीर कमावू पाहणाऱ्याला ते रोजचे नको. गरम शेकाने, गरम पाण्याच्या आंघोळीने ताठरपणा सैल होतो आणि दुसऱ्या दिवसापासून हा शेक सुखकारक वाटतो. ताजी सूज असताना पहिल्या काही तासांत शेक घाईने घेऊ नये.

ताणण्याचे व्यायाम, ज्यांना सर्वत्र स्ट्रेचिंग म्हणतात, यांच्यावर लोकांचा विश्वास सर्वाधिक आणि पुरावा सर्वांत क्षीण आहे. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात १२ अभ्यास तपासले गेले, त्यातल्या एकातच दोन हजारांहून अधिक माणसे होती. शंभर गुणांच्या वेदनेच्या पट्टीवर, व्यायामाआधी किंवा नंतर ताण दिल्याने दुसऱ्या दिवशीचे दुखणे एखाद्या गुणाने कमी झाले. त्या मोठ्या अभ्यासात आठवड्याभराचे कमाल दुखणे सुमारे चार गुणांनी. माणसाला जाणवावा इतका हा फरक नाही. लवचिकतेसाठी ताण द्यावा, अंगदुखी जावी म्हणून देऊ नये. आणि दुखरा स्नायू जोराने ताणणे तर चुकीचेच.

आहारात वेदनेवर थेट काम करणारे फार काही नाही. तंतूंच्या दुरुस्तीला प्रथिने लागतात, ती घरच्या जेवणात नीट घेतली तर पुरतात: वरण-भाताबरोबर उसळ, दूध-दही, अंडी, बांगडा किंवा इतर मासळी. महागडी पावडर न घेतल्याने कोणाचे दुखणे लांबत नाही. आल्याविषयी एक बरा अभ्यास आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात ११ दिवस रोज दोन ग्रॅम आले घेतलेल्यांचे, कोपराच्या ताणत्या व्यायामानंतरचे दुखणे, साखरेची गोळी घेतलेल्यांपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी होते. कच्चे आणि शिजवलेले आले यांच्यात विशेष फरक पडला नाही. हा आराम अकरा दिवस रोज घेतल्यावरचा, म्हणजे आल्याचा गुण साठत जाणारा दिसतो. दुखायला लागल्यावर घेतलेला एक कप आल्याचा चहा तेवढे करत नाही. हळदीतील कर्क्युमिनवर झालेल्या छोट्या अभ्यासांत वेदना काहीशी उतरलेली दिसते, पण ते अर्क कपभर हळदीच्या दुधाहून कितीतरी तीव्र असतात. हळदीचे दूध घ्यावे, अपेक्षा माफक ठेवावी.

पाणी वेदना घालवत नाही. त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे, ते शेवटी येईल. झोप मात्र थेट उपयोगाची आहे. झोप तुटली की माणसाला वेदना जास्त जाणवते, हे अनेक प्रयोगांतून दिसले आहे, आणि रात्री बारापर्यंत सराव करून पहाटेच्या लोकलने कामाला जाणाऱ्यांच्या बाबतीत हीच बाजू सर्वांत दुबळी असते. सरावाची वेळ तासभर अलीकडे आणणे हे कुठल्याही मलमापेक्षा मोठे काम आहे.

बाम आणि स्प्रे यांतील मेंथॉल, निलगिरी किंवा तत्सम घटक त्वचेला गार किंवा उष्ण संवेदना देऊन वेदनेकडचे लक्ष वळवतात. स्नायूत ते काही दुरुस्त करत नाहीत. थोडा वेळ बरे वाटते, तेवढे पुरे असेल तर लावायला हरकत नाही. पण बाम लावून त्यावर गरम पिशवी ठेवू नये, कातडी भाजते. वेदनाशामक गोळ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पोटाच्या अस्तराला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, आणि घाम गाळून शरीरातले पाणी कमी झालेले असताना हा धोका वाढतो. सराव किंवा शर्यतीच्या आधी ‘दुखू नये म्हणून’ गोळी घेण्याची सवय अतिशय वाईट आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतून आलेल्या अभ्यासात, आठ आठवडे रोज १,२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेऊन व्यायाम करणाऱ्या तरुणांचे स्नायू, कमी मात्रेत अॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या तुलनेत, निम्मेच वाढले. झोप लागू देत नसेल इतकी वेदना असल्यास जेवणानंतर पॅरासिटॅमॉल एखाद वेळ चालते; दमा, जठरव्रण, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांचे स्नायू औषधानेही दुखू शकतात. नव्या व्यायामाबरोबर त्यांचे दुखणे फार वाढले तर तेही डॉक्टरांना सांगावे.

दुखत असताना व्यायाम चालू ठेवावा का, याचे उत्तर स्नायूगणिक वेगळे आहे. मांड्या दुखत असतील तर त्या दिवशी हात-खांद्यांचे काम करता येते. त्याच स्नायूचा हलका व्यायामही चालतो. त्याने बरे होणे लांबत नाही. मात्र पूर्ण भाराचे ताणते काम निदान दोन दिवस, आणि जिना उतरताना आधार लागत असेल तोवर, थांबवावे. स्नायूचा जोर वेदनेच्या आधी जातो आणि वेदनेनंतर परततो, त्यामुळे दुखायचे थांबले म्हणजे स्नायू पुरता सावरला असे होत नाही.

प्रत्येक दुखणे मात्र या निरुपद्रवी जातीचे नसते. विलंबित वेदना उशिरा येते, दोन्ही बाजूंना साधारण सारखी असते आणि संपूर्ण स्नायूभर पसरलेली असते. व्यायाम चालू असतानाच एका जागी कळ येणे, काहीतरी तुटल्यासारखा आवाज होणे, तिथे निळा-काळा डाग उतरणे ही स्नायू किंवा स्नायुबंध फाटल्याची लक्षणे आहेत. सांध्यात होणारी वेदना, हात किंवा पाय बधिर पडणे, मान किंवा पाठीच्या कण्यातील दुखणे हेही स्नायूचे नव्हे. थरावरून पडलेल्याच्या बाबतीत तर मान हलवण्याआधी डॉक्टर हवेत. एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि लाल झाली तर शिरेतील गुठळीची शक्यता असते. छातीत, डाव्या खांद्यात किंवा जबड्यात दाबल्यासारखे दुखणे हे व्यायामाचे आहे असे गृहीत धरून मालिश करत बसू नये.

सर्वांत धोकादायक प्रकार म्हणजे स्नायुविघटन. दीर्घ काळ बसून राहिलेल्या माणसाने एकाच दिवशी अतोनात बैठका, जोर किंवा जड वजनांचा व्यायाम केला, त्यात उकाडा आणि कमी पाणी यांची भर पडली, की स्नायूचे तंतू मोठ्या संख्येने फुटतात आणि त्यांतील मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. मूत्रपिंडे ते गाळताना अडखळतात आणि बंदही पडू शकतात. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि श्रावणातल्या पावसात तहान लागत नाही म्हणून पाणी पिण्याकडे दुर्लक्ष होते. पाण्याचे महत्त्व आहे ते इथे: शरीरात पुरेसे पाणी असले तर मूत्रपिंडांवरचा ताण कमी राहतो.

स्नायू दगडासारखे कडक होऊन फार सुजणे, हात-पाय उचलवत नाही इतका अशक्तपणा, मळमळ, आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद तपकिरी होणे, यातले काहीही दिसले तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घोडपदेव-माझगाव भागातल्यांना भायखळ्याचे जे. जे. आणि परळचे केईएम ही सार्वजनिक रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. तिथे रक्तातील क्रिएटिन कायनेज या विकराची तपासणी होते. एरवी साधारण २०० एककांच्या आत असणारा हा आकडा स्नायुविघटनात हजारांत, कधी लाखाच्या घरात जातो. उपचार म्हणजे मुख्यत्वे शिरेतून भरपूर सलाईन आणि मूत्रपिंडांवर लक्ष. वेळेत पोचलेले बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. आकडा सामान्य पातळीजवळ येईपर्यंत श्रमाचा व्यायाम बंद ठेवतात, आणि नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालण्यापासून पुन्हा आरंभ करतात.